काट्यावरची लिंक: एका डुप्लेक्स मिसमॅचचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: वजनकाट्यावर पावती निघायला वेळ लागतो. किती वेळ, याचं उत्तर मात्र विचारू त्याच्याकडून वेगळं मिळत होतं. काट्यावरचे मामा म्हणाले, "कधी पटकन निघती, कधी चहा पिऊन आलं तरी चाक फिरतच असतंय." मालकांना, म्हणजे आण्णांना, ऑफिसच्या खिडकीतून गेटबाहेर लागलेली टेम्पोंची रांग तेवढी दिसायची.

जागा सांगली-तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजची, महिना एप्रिलचा. शेडवरचा बेदाणा निवडून, बॉक्समध्ये भरून स्टोरेजकडे यायचे हे ऐन गर्दीचे दिवस. गाडी काट्यावर चढली की सॉफ्टवेअर वजन उचलतं, दोन कॅमेऱ्यांतून नंबर प्लेटचा आणि मागच्या मालाचा फोटो घेतं आणि सगळं ऑफिसातल्या सर्व्हरवर पाठवतं. सर्व्हरनं होकार दिला की पावती छापली जाते. काट्याच्या केबिनमध्ये एक सिस्को कॅटॅलिस्ट २९६० स्विच, म्हणजे नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा, ऑफिसच्या रॅकमध्ये दुसरा तसाच. मध्ये यार्डातल्या काँक्रीटखालच्या पाइपातून गेलेली तांब्याची एकच केबल, दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट ०/१ मध्ये खोचलेली. एवढंच नेटवर्क.

मी पोचायच्या आधी दोन निदानं होऊन गेली होती. सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवरूनच सांगून टाकलं होतं की आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचं नेटवर्क बघा. केबलिंग करणाऱ्या एकानं ऑफिसचा स्विच उघडून बघितला, पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या डेटाची मोजणी) ढिगानं दिसले, आणि केबल खराब असल्याचा निकाल दिला. केबल बदलायची म्हणजे यार्ड फोडायचं, आणि ऐन हंगामात यार्ड फोडायचं म्हणजे गेट बंद. आण्णांनी मला बोलावलं ते काँक्रीटला हात लावायच्या आधी अजून एकाचं ऐकून घ्यावं म्हणून.

ऑफिसात कॉम्प्युटर बघणारा एक तरुण पोरगा आहे. हुशार आहे, शिकायची हौस आहे. त्यानं आधीच पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते विचारत राहणारी चाचणी, लावून ठेवला होता. "सर, पिंग एकदम क्लीन आहे. एक मिलिसेकंद. एखादा पण ड्रॉप नाही. तरी फोटो जात नाही."

ते वाक्य ऐकलं तेव्हाच माझा संशय एका जागी गेला. पिंगचं पाकीट छोटं असतं आणि एका वेळी एकच जातं. ते गेलं, उत्तर आलं, मग पुढचं. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी बोलायची वेळ त्यात सहसा येतच नाही. फोटो जाताना मात्र इकडून मोठमोठी पाकिटं सुटत असतात आणि तिकडून त्यांच्या पोचपावत्या येत असतात. पिंग स्वच्छ आणि मोठी फाइल रडते, असं दिसलं की स्पीडच्या आधी डुप्लेक्स बघायचा. डुप्लेक्स म्हणजे पोर्टची बोलायची रीत: फुल असेल तर बोलणं-ऐकणं एकाच वेळी, हाफ असेल तर आळीपाळीनं.

ऑफिसच्या स्विचवर लॉगिन करून पहिली कमांड दिली:

शो इंटरफेसेस स्टेटस

पोर्ट ०/१ समोर डुप्लेक्सच्या रकान्यात "फुल" आणि स्पीडच्या रकान्यात "१००" (मेगाबिट) असं होतं. मग तिथूनच एसएसएचनं, म्हणजे लांबून लॉगिन करून, काट्याच्या स्विचवर गेलो आणि तीच कमांड दिली. तिथं त्याच केबलच्या दुसऱ्या टोकावर "ए-हाफ" आणि "ए-१००" होतं.

या "ए-"कडे फार लोक बघत नाहीत. "ए-" असेल तर तो आकडा पोर्टनं स्वतः ठरवलेला असतो, नसेल तर माणसानं बांधून दिलेला. म्हणजे ऑफिसच्या टोकाला कुणीतरी हातानं शंभर आणि फुल बांधलं होतं, आणि काट्याच्या टोकाचा पोर्ट ऑटोवर होता. खात्रीसाठी ऑफिसच्या पोर्टचं कॉन्फिग काढलं:

शो रनिंग-कॉन्फिग इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१

तीनच ओळी निघाल्या: स्विचपोर्ट मोड ट्रंक, स्पीड १००, डुप्लेक्स फुल. डिस्क्रिप्शन नाही. काट्याच्या बाजूला स्पीड-डुप्लेक्सची ओळच नव्हती, म्हणजे डिफॉल्ट ऑटो.

आता हे दोघं हाफ आणि फुलवर कसे येऊन ठेपले ते बघू. १९९५ साली फास्ट इथरनेटच्या ८०२.३यू मानकाबरोबर ऑटोनिगोशिएशन आलं. दोन्ही पोर्ट केबलवरून छोटे स्पंद पाठवून एकमेकांना सांगतात की मला काय काय जमतं, आणि दोघांना जमेल त्यातलं सगळ्यात चांगलं निवडलं जातं. पण या स्विचवर स्पीड आणि डुप्लेक्स दोन्ही हातानं बांधले की पोर्ट ही बोलणी करायचंच बंद करतो. मग ऑटोवरच्या पोर्टला समोरून स्पंद येत नाहीत, नुसता शंभरचा सिग्नल येतो. सिग्नलच्या स्वरूपावरून स्पीड ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी मानक सांगतं की हाफ धरा. म्हणजे काट्याचा पोर्ट नियमाप्रमाणेच वागत होता, आणि ऑफिसचा पोर्ट सांगितल्याप्रमाणे.

एक जण वॉकी-टॉकीवर आणि दुसरा फोनवर, अशी ही गत. ऑफिसचा पोर्ट वाटेल तेव्हा बोलतो. काट्याचा पोर्ट आधी ऐकतो, मग बोलतो, आणि बोलताना समोरून आवाज आला की टक्कर झाली असं समजून स्वतःचं वाक्य अर्ध्यात तोडतो. ते तुटकं वाक्य ऑफिसच्या पोर्टवर पोचतं, तिथं त्याची बेरीज जुळत नाही, आणि तो सीआरसी एरर किंवा रंट (फारच आखूड पाकीट) म्हणून मोजून फेकून देतो.

केबलवाल्याला दिसले ते हेच एरर. त्याचं वाचन चुकीचं नव्हतं, एका टोकाचं होतं. फक्त ऑफिसच्या बाजूनं बघितलं तर मिसमॅच आणि खराब केबल यांच्यात फरक करणं अवघड असतं. दुसऱ्या टोकाला हा आकडा काय म्हणतो ते बघावंच लागतं. काट्याच्या स्विचवर बघितलं:

शो इंटरफेसेस काउंटर्स एरर्स

तिथं एफसीएसचा, म्हणजे सीआरसी एररचाच, रकाना शून्य. भरलेला रकाना होता लेट कोलिजनचा. पाकिटाचे पहिले ६४ बाइट, म्हणजे ५१२ बिट, सुखरूप बाहेर पडल्यानंतर टक्कर झाली तर ती लेट. नीट चालणाऱ्या हाफ डुप्लेक्समध्ये टक्कर त्याच्या आतच कळते आणि पोर्ट पाकीट पुन्हा पाठवतो. लेट टक्करीत ते पाकीट सोडून दिलं जातं. हरवल्याचं टीसीपीला, म्हणजे पाकिटं पोचली की नाही ते बघणाऱ्या व्यवस्थेला, उशिरा कळतं, तो वेग कमी करतो, आणि मामांचं चाक फिरत राहतं. एका टोकाला सीआरसी आणि दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन, ही जोडी दिसली की मिसमॅच आहे असं बिनधास्त म्हणावं.

तरी काउंटरमध्ये जुनं साचलेलं असू शकतं, म्हणून दोन्ही स्विचवर क्लिअर काउंटर्स दिलं आणि एका टेम्पोचं वजन होईपर्यंत थांबलो. फोटो जायला लागले तसे दोन्हीकडचे आकडे एकदम चढले. गाडी उतरली, आकडे थांबले.

मग लॉग उघडला. मला वाटलं होतं तसंच, दर मिनिटाला एक ओळ होती: सीडीपी-४, डुप्लेक्स मिसमॅच, गिगाबिटइथरनेट ०/१ हाफ नाही, समोरच्या काटा स्विचचा ०/१ हाफ आहे. सिस्कोचे स्विच साठ-साठ सेकंदांनी सीडीपीवरून एकमेकांना आपली ओळख देतात, त्यात डुप्लेक्सही येतो, आणि जुळला नाही की ओरडतात. रोगाचं नाव, पोर्टच्या नंबरासकट, स्विच स्वतः रात्रंदिवस सांगत होता.

मी पोराकडे बघितलं. तो म्हणाला, "हे मी बघितलेलं सर. पण ते मार्चमधलं आहे ना? तारीख बघा, मार्च ९. आता एप्रिल चाललाय. मला वाटलं तेव्हाचं काहीतरी असेल."

त्याचा तर्क साधा आणि सरळ होता. स्विचच्या घड्याळानं त्याला फसवलं होतं. या जातीच्या कॅटॅलिस्टमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वेळ सेट केलेली नसेल तर दर वेळी चालू झाल्यावर तो १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. लॉगच्या ओळीत वर्ष छापलं जात नाही, म्हणून नुसता मार्च दिसतो. तारखेच्या आधी एक बारीक तारा असतो, त्याचा अर्थ हे घड्याळ विश्वासाचं नाही, पण त्या ताऱ्याकडे कोण बघतंय! शो क्लॉक दिल्यावर १९९३ आलं आणि पोरगा चाट पडला. लॉगचा बफर डिफॉल्टनं ४०९६ बाइटचा, त्यात या लांबलचक ओळी जेमतेम तीसेक मावतात. म्हणजे पडद्यावर जे दिसत होतं ते गेल्या अर्ध्या तासातलं होतं.

पण त्यातून दुसरा प्रश्न निघाला. मार्च ९ म्हणजे स्विच चालू होऊन आठ दिवस. शो व्हर्जननंही अपटाइम एक आठवडा एक दिवस दाखवला. रॅकला यूपीएस आहे, बॅटऱ्या नव्या आहेत, आणि काट्याच्या स्विचचा अपटाइम याच्यापेक्षा कितीतरी जास्त. मग ऑफिसचा स्विच आठ दिवसांपूर्वी बंद कसा झाला?

पोरगा जरा चुळबुळला. मग सांगितलं. त्याला कॉन्फिगमधली "स्पीड १००" ही ओळ खटकली होती. पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे हजार मेगाबिटचा, आणि त्याला शंभरवर बांधून घातलेला. स्लो होणारच की! रात्री गेट बंद झाल्यावर त्यानं स्पीड ऑटो टाकलं. लिंक गेली ती परत येईना. घाबरून त्यानं स्विचची वायर काढून पुन्हा लावली. रनिंग कॉन्फिग (आत्ता चालू असलेलं) सेव्ह केलेलं नव्हतं, स्टार्टअप कॉन्फिग (स्विच चालू होताना वाचतो ते) जुनंच होतं, त्यामुळे स्विच पुन्हा शंभर-फुलवर आला आणि लिंकही आली. सकाळी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

आण्णा त्याच्यावर जरा तापले. मला विचाराल तर या सबंध प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा त्या पोरानंच मिळवला होता. कारण त्याची हकीकत ऐकली नसती तर मी बहुतेकांसारखाच सरळ विचार केला असता: दोन्ही टोकं ऑटो करा, मिसमॅच संपला. आणि ते केलं असतं तर भर दुपारी गाड्या काट्यावर असताना लिंक मेली असती.

दोन्हीकडे ऑटो आणि तरी लिंक येत नाही, याचा अर्थ काय? केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, बोलणी त्यातल्या फक्त दोन जोड्यांवरून होतात. शंभर मेगाबिटलाही त्याच दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला मात्र चारही लागतात. बोलणीत दोन्ही पोर्ट "गिगाबिट जमतं" म्हणून मोकळे होतात, आणि प्रत्यक्ष उभं राहायला गेले की एखादी जोडी तुटलेली निघते. काही नेटवर्क कार्डं अशा वेळी आपणहून शंभरवर उतरतात. या पोर्टांनी तसं केलं नव्हतं. म्हणजे केबलमध्ये खरंच दोष होता, फक्त पावती अडकवणारा दोष तो नव्हता.

२९६० च्या गिगाबिट पोर्टवर केबल तपासायची सोय स्विचमध्येच आहे. तपासताना लिंक क्षणभर जाऊ शकते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत गेटवर शांतता झाल्यावर कमांड दिली:

टेस्ट केबल-डायग्नॉस्टिक्स टीडीआर इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१

काही सेकंदांनी शो केबल-डायग्नॉस्टिक्स टीडीआरनं निकाल आला. पहिल्या तीन जोड्या नॉर्मल, चौथी ओपन, अंतर साधारण एकतीस मीटर. म्हणजे यार्डाच्या बरोबर मध्याला, काँक्रीटच्या पोटात.

आधी ज्यांनी हे नेटवर्क बसवलं होतं त्यांना आण्णांनी फोन लावला. ते सहज म्हणाले, "हो, पाइपात उंदरानं कुरतडली होती. एक जोडी गेलेली. म्हणून दोन्हीकडे शंभर-फुल बांधून दिलं होतं." त्यांनी केलं ते त्या वेळी बरोबरच होतं, दोन्ही टोकांना सारखंच बांधलं होतं. पुढे दसऱ्याच्या सुमारास विजेच्या कडकडाटात काट्याचा स्विच जळाला. दुसऱ्या कुणीतरी तसाच वापरलेला स्विच आणून बसवला, आयपी आणि व्हीलॅन टाकले, लिंकचा दिवा हिरवा झाला आणि काम संपलं. स्पीडची ओळ टाकायची असते हे त्याला कळायला कुठं जागाच नव्हती. हंगाम नसताना दिवसाला चार गाड्या, दुखणं जाणवलं नाही. हंगाम आला आणि वर फोटोचं नवं काम लागलं, तेव्हा उघडं पडलं.

पोर्ट हातानं बांधायची ही सवय नव्वदच्या दशकातली आहे. तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांची बोलणी खरोखर फिसकटायची, म्हणून जुनी मंडळी सर्व्हर आणि अपलिंक बांधूनच टाकायची. १९९९ साली तांब्यावरच्या गिगाबिटचं मानक आलं, त्यात ऑटोनिगोशिएशन सक्तीचं आहे. सवय मात्र अजून गेलेली नाही, आणि माझ्या मते आज दिसणारे बहुतेक मिसमॅच तिचेच.

आता उपाय. काट्याच्या टोकालाही शंभर-फुल बांधणं हा एक रस्ता. तो मला दोन कारणांनी नको होता. एक म्हणजे काट्याच्या कॅबिनेटला कुलूप, किल्ली इलेक्ट्रिशियनकडे आणि तो लग्नाला बेडगला गेलेला. काही बिघडलं तर स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल लावायला हात पोचणार नाही, आणि लांबून, त्याच लिंकवरून, त्याच लिंकचं कॉन्फिग बदलायचं म्हणजे बसलेली फांदी तोडायची. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: पुढच्या विजेत तो स्विच पुन्हा जळाला तर हेच रामायण पुन्हा.

म्हणून बदल फक्त ऑफिसच्या टोकाला केला, तोही बांधणी सोडवून. बोलणी चालू ठेवायची, पण बोलणीत गिगाबिटचं नावच काढायचं नाही. कन्सोलवर बसून कॉन्फिगर टर्मिनल, मग:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१
डुप्लेक्स ऑटो
स्पीड ऑटो १० १००

शेवटच्या ओळीतले ते दोन आकडे हेच सगळं औषध. नुसतं स्पीड ऑटो म्हटलं असतं तर पोर्ट पुन्हा गिगाबिटकडे धावला असता. आकडे दिले की पोर्ट समोरच्याला तेवढ्याच वेगांची यादी सांगतो. काट्याचा पोर्ट पूर्ण ऑटोवर आहे, तो गिगाबिट जमतं म्हणाला तरी इकडून होकार येत नाही, आणि दोघं शंभर-फुलवर येऊन ठरतात. उद्या तिथं डब्यातून काढलेला कोरा स्विच लावला तरी हेच होईल.

डुप्लेक्स ऑटो दिल्यावर लिंक पडली, वर आली, स्पीडच्या ओळीवर पुन्हा पडली. वर आल्यावर स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊ न देणारी यंत्रणा, लिसनिंग आणि लर्निंगचे पंधरा-पंधरा सेकंद घेते. तेवढा अर्धा मिनिट पोर्टचा दिवा नारिंगी राहिला आणि पोरगा दिव्याकडे टक लावून उभा. दिवा हिरवा झाला. शो इंटरफेसेस स्टेटसमध्ये ऑफिसला "ए-फुल", "ए-१००". काट्यालाही तेच.

क्लिअर काउंटर्स दिलं आणि लगेच सेव्ह केलं नाही. दुपारच्या गाड्या सुरू होऊ दिल्या. मामांनी पहिल्याच टेम्पोला केबिनमधून हात वर करून दाखवला. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे एररचे रकाने शून्यावर राहिले, तेव्हा कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग दिलं. त्याआधी पोराकडून पोर्टवर डिस्क्रिप्शन टाकून घेतलं: "काटा लिंक, चौथी जोडी तुटलेली, गिगाबिट करू नये". आणि दोन्ही स्विचवर क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०, वेळ जुळवून घेण्यासाठी एनटीपी सर्व्हरची ओळ आणि सर्व्हिस टाइमस्टॅम्प्समध्ये वर्ष. शो क्लॉकमध्ये चालू साल दिसल्यावरच त्यानं लॅपटॉप मिटला.

आण्णांचा हिशेब सरळ होता: पावती निघतीय, मग यार्ड फोडायला नको आणि केबलही बदलायला नको. पहिलं मान्य, दुसरं नाही. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांबं टाकलं की दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक त्या तांब्यावरून वाट काढतो, आणि दसऱ्याला जळलेला स्विच बहुधा त्याच वाटेनं गेला. इथं फायबरच हवी. काँक्रीट फोडायची गरज नाही. पाइप मोकळा असेल तर जुन्या केबलच्याच शेपटीला बांधून नवी ओढून घेता येते. वळीव कधीही येईल, पण हंगामात लिंक तोडायला आण्णा तयार नाहीत, तेव्हा मृगाच्या आधीचा मुहूर्त धरला. उंदरांचा इतिहास बघता आर्मर्ड फायबर घ्या आणि तिचं चिलखत एकाच टोकाला अर्थ करा, एवढं मी कोटेशनच्या कागदावर हातानं लिहून दिलं.